खांडबाऱ्याची फळी

मिरचीचा हंगाम सुरू झाला की आमच्या नंदुरबारात डोळ्यांतल्या पाण्यावर विश्वास ठेवू नये. गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते, नजर जाईल तिथवर लाल, आणि दुपारून वारा फिरला की तिचा ठसका थेट घरात येतो. रिक्षावाला शिंकतो, दुकानदार शिंकतो, वर्गात समीकरण लिहिता लिहिता मी शिंकते आणि मागोमाग सगळा वर्ग. बाहेरगावचा पाहुणा घाबरून विचारतो, "काही साथ आलीय का हो?" आम्ही नाकाला रुमाल लावून सांगतो, "नाही, मिरची आलीय."

ह्याच दिवसांत हवा कोरडी पडते. ओठ फुटतात, टाचा फुटतात, आणि घरातलं लाकूड आकसतं. माझ्या पुस्तकांच्या कपाटातून एखाद्या दुपारी 'कट्' असा आवाज येतो. तो तिसऱ्या फळीचा. त्या फळीचं नाव खांडबारा. फळीला नाव असू शकतं हे चार वर्षांपूर्वी मला ठाऊक नव्हतं, आणि ज्या दिवशी कळलं त्याच्या आदल्याच दिवशी ते नाव मी पॉलिशपेपरनं घासून काढलं होतं. आवाज आला की वाचता वाचता माझं बोट ओळीवर थांबतं, आणि मग थोडा वेळ वाचन होत नाही.

माझा स्वभाव संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मला समजून घ्यायची घाई करणार नाही. मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या तपासते, कारण बरोबर उत्तर शेजारच्याच्या वहीतूनही येतं. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघते. दूध उकळताना त्याच्याकडे पोलिसासारखी बघत उभी राहते. आमचे हे, अनिलराव, एसटीत आहेत. रोज शेकडो अनोळखी माणसं चढताना-उतरताना बघून त्यांचा मात्र जगावर भलताच विश्वास. ते म्हणतात, "तू ते परसादबी हुंगीसनी खास." मला ह्याची कधी लाज वाटली नाही. फसलेल्या माणसाला लोक भोळा म्हणतात, आणि त्या शब्दात मला नेहमी कीवच जास्त ऐकू आली आहे.

त्या वर्षी पावसाळ्यात माझे वडील, अण्णा, गेले. तापीकाठच्या आमच्या शेताच्या बांधावर त्यांनी लावलेला एक साग होता. मी शाळेत जायला लागले तेव्हा तो माझ्याएवढा होता, मग कुठल्या कुठे गेला. अण्णांनी हयातीतच रीतसर परवानगी काढून तो तोडला, विसरवाडीच्या रस्त्यावरच्या एका वखारीत चिरून घेतला आणि फळ्या टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवल्या. फोनवर एवढंच म्हणाले, "पुस्तकं भुईवर नको ठेवत जाऊ, माय." फळ्या वर्षभर जिन्याखाली वाळत पडल्या होत्या. अण्णा गेल्यावर मी तिथं जाऊन बसायची. ताज्या सागाला एक तेलकट, कडवट वास असतो. तो येईनासा होईल की काय अशी मला भीती वाटायची. त्या फळ्यांतली बोटभर चिपही कुणी नेलेली मला सोसली नसती. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काय ते एवढंच आहे.

दिवाळी झाली, बाजारात मिरची यायला लागली, आणि अनिलराव भिला आप्पांना घेऊन आले. साठीकडे झुकलेले, काटकुळे, डाव्या कानावर पेन्सिल. वीस-बावीस वर्षं सुरतेत फर्निचरच्या कामावर काढलेली. बायकोच्या गुडघ्यांचं दुखणं इतकं वाढलं की तिला पाणी भरणंही होईना, म्हणून ते गावी परतले होते आणि आता इथंच पोटापुरतं काम शोधत होते. पहिल्याच दिवशी चहाचा कप खाली ठेवता ठेवता त्यांनी अडखळत विषय काढला.

"ताई, तुमनी शायमा पुस्तकंस्ना कपाटं कराना शेतस म्हने. तुम्ही एक सबद टाका. माले मंग सुरत जावानं काम नई पडाव."

शाळेच्या ग्रंथालयाला कपाटं करायची होती हे खरं होतं. चांगलं दोन-तीन महिन्यांचं काम होतं. मी म्हटलं, "पहिले हाई काम ते देखू द्या, आप्पा." त्यांनी मान डोलावली. आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ज्याला मोठं काम हवं असतं तो लहान कामात फार गोड वागतो, हा माझा जुना सिद्धांत.

पडवीत काम सुरू झालं. कपाटाच्या दोन उभ्या बाजू आणि त्यांच्यामध्ये सहा आडव्या फळ्या. फळ्या खिळ्यांनी ठोकायच्या नव्हत्या. बाजूच्या लाकडात आडवी खाच पाडायची आणि फळीचं टोक त्या खाचेत बसवायचं, म्हणजे पुस्तकांचं ओझं खिळ्यावर न येता लाकडावर येतं. खाच किती खोल? बाजूच्या जाडीचा तिसरा हिस्सा. त्याहून खोल गेली तर बाजू कमकुवत होते, उथळ राहिली तर फळी निसटते. हे गणित मला पटलं. आमचं बिनसलं ते रुंदीवरून. मिस्तरी लोक सुतात मोजतात; एका इंचात आठ सूत. फळ्या पाऊण इंचाच्या, म्हणजे सहा सुतांच्या. मी म्हटलं, "बठ्ठ्या खाचा सहा सूतन्या करा, म्हंजे झगडाच नई."

आप्पा हसले. "सहा सूत वखारवाला बोलना, ताई. फळी काय बोलस ते देखू."

त्यानंतर त्यांनी टेपाला हातच लावला नाही. फळीचं टोक बाजूच्या लाकडावर उभं धरायचे आणि तिच्या दोन्ही अंगांना चाकूच्या टोकानं बारीक ओरखडा काढायचे. पेन्सिल कानावरच. कशाला मग ती बाळगता, असं विचारलं तर म्हणाले, "पेन्सिलनी रेघ जाड ऱ्हास. तिना कोनता अंगवर करवत चालाडशी? चाकूनी रेघले एकच कड ऱ्हास." ओरखड्याच्या आतून करवत चालवायची, मधलं लाकूड पटाशीनं थोडं थोडं उचलायचं, आणि तळ बोटानं चाचपायचा, बाळाच्या हिरडीत दात आलाय का बघतात तसा. शेवटी परीक्षा. फळी तळहाताच्या दाबानं आत गेली पाहिजे. हातोडी मागितली तर खाच अरुंद. जोड उलटा धरला तर फळी आपणहून गळता कामा नये. गळली तर खाच सैल. दोराभर जागा मात्र ठेवायची, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं.

बघत राहावं असं काम होतं, आणि तेच मला खटकत होतं. जो माणूस मोजत नाही तो नक्की काय लपवतो?

मी शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर घरी आणला. आप्पा दुपारी जेवायला घरी गेले की पडवीत जाऊन खाचा मोजायची. पहिली सतरा मिलीमीटर. दुसरी अठराला जरा कमी. तिसरी एकोणीसच्याही वर. चौथी पुन्हा सतराच्या आसपास. एका बाजूच्या सहा खाचांची सहा मापं. माझ्या वर्गात कुणी अशा सहा "सारख्या" रेघा काढल्या असत्या तर त्याला मी तासभर उभं केलं असतं. सगळा फरक मिळून अर्ध्या-पाऊण सुताचा. पण सुतावरून स्वर्ग गाठण्यात माझा हात कोण धरणार? हात थरथरतो का म्हाताऱ्याचा? की खाचा मुद्दाम सैल ठेवतोय, पुढच्या वर्षी दुरुस्तीला पुन्हा बोलवावं म्हणून? की माझ्या जाड फळ्या जाऊन त्यांच्या जागी कुठल्या तरी बारीक फळ्या येऊन बसणार आहेत? ह्या तिसऱ्या शंकेनं मला ऐन थंडीत घाम फुटला.

आज कुणीही विचारेल, बाई, खाचा मोजल्या तशा फळ्याही का नाही मोजल्या? मलाही नंतर हा प्रश्न पडला. फळ्या अण्णांच्या होत्या. त्यांच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातच आलं नाही.

मध्ये एक दिवस मागचा प्लाय आला. तो बसवायला बाजूंच्या मागच्या कडेला पताम काढतात. खाचेला दोन भिंती असतात, पतामाला एकच. दुसरी बाजू उघडी, पण कपाट भिंतीला लागलं की ती कुणाला दिसत नाही. प्लायवर सहा मिलीमीटर असं ठसठशीत छापलेलं. आप्पांनी तुकडा कडेवर ठेवला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सहा नई शे हाई. छापेलवर भरोसा नको, ताई." पताम त्यांनी त्या तुकड्याइतकाच काढला. ते गेल्यावर मी कॅलिपर लावला. प्लाय साडेपाचच्याही आत होता. खरं तर तिथंच मला शहाणपण यायला हवं होतं. आप्पा लिहिलेल्या मापावर संशय घेत होते आणि मी माणसावर. दोघांत कोण बरोबर हे माझ्या हातातलं यंत्र मला सांगत होतं. पण संशयी माणूस सगळ्या जगावर संशय घेतो आणि आपल्या संशयाला तेवढा सोडून देतो. मी अर्थ काढला तो असा: बघा, कमी-जास्त माल ह्याला किती पटकन ओळखू येतो! जाणकारालाच हातचलाखी जमते.

मग ती नावं दिसली.

रंधा मारून गुळगुळीत केलेल्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. केर काढताना एकीची पाठ माझ्याकडे झाली. टोकाशी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, खांडबारा. शेजारची फळी वळवली, चिंचपाडा. तिसरी, रनाळे. मोठी, चौकोनी, एकेक सुटं अक्षर. खांडबाऱ्याला आप्पांच्या जावयाचं घर बांधणं चालू होतं. चौकटी बाकी आहेत हे दोनच दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः सांगितलं होतं. म्हणजे एक फळी जावयाला. चिंचपाड्याला कुणी गिऱ्हाईक असणार, रनाळ्याला आणखी कुणी. माझ्या अण्णांच्या सागावर पत्ते पडले होते. तो तेवढा रवाना व्हायचा बाकी होता.

अनिलरावांना सांगितलं. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मंग इचारी ले ना आप्पाले."

"इचारं का चोर हुशार व्हई जास," मी म्हटलं.

नेमकं दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापकांनी मला थांबवलं. "मॅडम, तुमच्याकडे तो मिस्तरी काम करतोय ना? कसा आहे? ग्रंथालयाचं काम त्याला द्यायचं मनात आहे."

"हात चांगला आहे, सर," मी म्हटलं. "फक्त लाकूड तेवढं मोजून द्या."

सर "अच्छा" म्हणाले आणि पुढे गेले. चोर हा शब्द मी उच्चारला नव्हता. सभ्य माणसांना त्याची गरजच पडत नाही, त्यांचं "फक्त"वर भागतं. हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र मी शाळेचा फायदा केला अशा समाधानात तास घ्यायला गेले.

त्या दिवशी आप्पा एका लग्नाला गेले होते. दुपारी घरी आल्यावर मी पॉलिशपेपर घेतला आणि एकेक फळी आडवी करून नावं घासायला बसले. खांडबारा गेलं, चिंचपाडा गेलं, रनाळे गेलं. उरलेल्या तिघींवर नवापूर, दोंडाईचा आणि नंदुरबार निघालं. नंदुरबार वाचूनही मी थांबले नाही. गावातलंच कुणी गिऱ्हाईक असेल, मी म्हटलं. सगळं साफ झाल्यावर काळ्या पेनानं प्रत्येक फळीवर माझी आद्याक्षरं घातली आणि खाली एक ते सहा आकडे. बोटांना सागाची धूळ लागली होती. अण्णांचं राखलं म्हणून मला बरं वाटत होतं.

सकाळी आप्पा आले. एक फळी उचलली, उलटून पाहिली, ठेवली. दुसरी पाहिली. सहाही पाहून झाल्यावर ते पायरीवर बसले. आता सापडला, मी मनात म्हटलं.

"ताई, हाई कोनी पुसं?"

"मी."

"काबर?"

"फळ्या मन्ह्या शेतस, आप्पा. खांडबाराले कशा जातीन?"

त्यांना काही उमगेना. ते माझ्याकडे बघत राहिले, मग फळ्यांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. उमगलं तेव्हा ते हसले नाहीत की चिडले नाहीत. जमिनीकडे बघत बोलायला लागले.

"मी शायमा नई गऊ, ताई. सुरतनी गाडीमा जाता-येता टेसनन्या पाट्या देखीदेखीसनी अक्षरं शिकनू. वरनी फळी नवापूर. तिना खाले चिंचपाडा, मंग खांडबारा, नंदुरबार, रनाळे, दोंडाईचा. जशी गाडी इकडे येस तश्या फळ्या खाले येतीस. आकडा लिखा आनि फळी उलटी धरी, ते सहाना नऊ व्हई जास. खांडबारा उलटं धरं तरी खांडबाराच ऱ्हास."

"पन फळीले नाव पाहिजेच कशाले?" मी अजून वकिली सोडली नव्हती.

"वखारनी एकबी फळी सारखी नई शे. कोनती साडेपाच सूत, कोनती सव्वासहा. सारख्या करतू ते बठ्ठ्या फळ्या सगळास्मा बारीक फळीइतक्या रंधाले लागत्यात. तुमना बापनं लाकूड भुसामा जातं. म्हनीसनी जशी फळी, तशी तिनी खाच करी. कोनती फळी कोनता घरमा, हाई ध्यानमा ऱ्हावाले नाव लिखं."

तुमच्या बापाचं लाकूड. ज्या फरकावरून मी ह्या माणसाला पकडलं होतं तो फरक त्यानं अण्णांसाठी केला होता. सहा वेळा वेगळं माप घ्यायचं, सहा वेळा वेगळी खाच पाडायची, वर ती लक्षात ठेवायची, सगळं एवढ्यासाठी की सागाचा पापुद्राही उगाच सोलला जाऊ नये. त्यांनी फळ्यांना नावं दिली, आणि मी त्यांना नावं ठेवली. मला इतकी लाज वाटली की आत जाऊन मी नळ सोडून नुसती उभी राहिले.

तो सगळा दिवस फळ्या आपापल्या खाचा शोधण्यात गेला. वारा पथाऱ्यांकडून येत होता. आप्पा एक फळी उचलायचे, वरच्या खाचेला लावायचे, अडली. दुसरीला लावायचे, ढिली. तिसरीला, चौथीला. मी दुसरं टोक धरून होते. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघंही मिरचीलाच बोल लावत होतो. योग्य खाच सापडली की फळी आत सरकताना कोंडलेली हवा बारीकशी फस्स करून बाहेर पडायची, आणि आप्पा पुढची फळी उचलायचे. शेवटची बसली तेव्हा ऊन कलत आलं होतं. नावं त्यांनी पुन्हा लिहिली नाहीत.

"मन्हं चुकनं, आप्पा," मी म्हटलं.

"व्हस कधी कधी," ते म्हणाले.

माफी मागून मी मोकळी झाले असं मला वाटलं. पण माझं वाक्य शाळेत फिरत होतं. दोन दिवसांनी मी मुख्याध्यापकांना गाठलं. "सर, त्या मिस्तरीचं काम फारच उत्तम आहे." सर म्हणाले, "अहो, आपण लोखंडी कपाटं सांगून टाकली. लाकूड मोजत कोण बसणार?" त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की सर, ते मोजायचं मी म्हटलं होतं आणि ते खोटं होतं. तेवढ्यात घंटा झाली. मी वर्गावर गेले. घंटेला दोष देता येत होता म्हणून दिला.

हंगाम सरायच्या आत भिला आप्पा पुन्हा सुरतेच्या गाडीत बसले. बाजाराच्या वाटेवर त्यांचं घर लागतं. त्यांची बायको दाराशी पाय लांब करून बसलेली असायची, शेजारी रिकामी कळशी, कुणी भरून देईल ह्याची वाट बघत. मी रिक्षावाल्याला सांगायची, जरा लवकर घे. चार वर्षं मी तो रस्ता असाच काढला.

यंदा आप्पा परत आलेत. सुरतेचं काम आता झेपत नाही म्हणतात. शेजारच्या ज्योतीकडे स्वयंपाकघरात मांडणी करायला घेतली होती. काल संध्याकाळी ज्योतीनं भिंतीवरून हाक मारली, "ताई, देखाले ये ना!" मी गेले. मांडणी देखणी झाली होती. मी बोटानं एक जोड चाचपून पाहिला; खाच आणि फळी ह्यांच्यात नखही शिरत नव्हतं. आप्पांनी मला रामराम केला, मीही केला, आणि दोघांनीही लगेच दुसरीकडे पाहिलं.

ते निघाले. दाराशी आले आणि थांबले. ओट्यावर पिशवी ठेवून एकेक वस्तू बाहेर काढायला लागले. रंधा. चार पटाश्या. गुण्या. करवत. जेवणाचा डबा काढून त्याचं झाकण उघडून ठेवलं. मग रिकामी पिशवी उलटी धरून झटकली. थोडा भुसा पडला. आणि ते हात बाजूला करून ज्योतीकडे बघत उभे राहिले.

ज्योतीला हसूच आलं. "आप्पा, हाई काय? मी कव्हय सांगं पिशवी दखाडा म्हनीसनी?"

"तुम्ही नई सांगं, ताई. मी बठ्ठास्ना घर दखाडस. आदत पडी गई."

"कोनता घर पडनी अशी आदत?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खाली बसून पटाश्या फडक्यात गुंडाळत म्हणाले, "व्हतं एक घर. आते ध्यानमा नई."

ध्यानात नाही, हे खरं नव्हतं. चार वर्षं ह्या माणसानं प्रत्येक दाराशी आपला डबा उघडून दाखवला होता, आणि तसं करायला लावणारीचं नाव कुठंही काढलं नव्हतं. आता मी समोर उभी असतानाही काढलं नाही. तो पिशवी भरून निघून गेला असता आणि मी पुन्हा वाचले असते.

"ज्योती," मी म्हटलं, "ते घर मन्हं शे."

तिचं हसू थांबलं. आप्पा घाईनं म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ताई. जुनी गोट शे."

"नई ऱ्हाऊ देवानं. आप्पास्नी मन्हा घरनी चिपबी नई लई. मीच आळ लिया व्हता." आणि तिथंच ओट्यावर, त्यांच्यासमोर बसून, मी ज्योतीला पहिल्यापासून सगळं सांगितलं. आप्पा हातातलं फडकं घट्ट धरून ऐकत होते.

आज रविवार. उद्या हेच शाळेत, सरांसमोर, सगळे शिक्षक बसलेले असताना, ज्या मराठीत मी ते "फक्त" म्हटलं होतं त्याच मराठीत सांगायचं आहे.